बायनरी प्रोटोकॉल लिहिताना आकाराच्या मर्यादा कशा घालाव्यात आणि डेटाचे तुकडे कसे पाडावेत

काफ्का (संदेश साठवून पुढे पोचवणारा सर्व्हर) चालवणाऱ्या टीमला लॉगमध्ये अधूनमधून एक चमत्कारिक नोंद दिसते. विनंतीचा आकार ११९५७२५८५६ बाइट, परवानगी १०४८५७६०० बाइटची, म्हणून कनेक्शन तोडलं. एकशेएकोणीस कोटी बाइटची विनंती पाठवली कुणी, म्हणून शोधाशोध सुरू होते. बहुतेक वेळा कुठल्या तरी हेल्थ चेकने काफ्काच्या पोर्टवर साधी एचटीटीपी विनंती धाडलेली असते. ती विनंती ‘गेट’ने सुरू होते. त्यातल्या तीन रोमन अक्षरांचे आस्की आकडे ७१, ६९ आणि ८४, पुढच्या मोकळ्या जागेचा ३२. काफ्काच्या प्रोटोकॉलमध्ये मात्र पहिले चार बाइट म्हणजे पुढे येणाऱ्या विनंतीची लांबी. ७१ला १६७७७२१६ने, ६९ला ६५५३६ने आणि ८४ला २५६ने गुणा, त्यात ३२ मिळवा. बरोबर ११९५७२५८५६ येतात. अशाच नोंदीत ३६ कोटी ९२ लाखांच्या घरातला आकडा दिसला, तर साध्या पोर्टवर कुणी टीएलएस (कूटबद्ध जोडणीचा प्रोटोकॉल) बोलू पाहतंय असं समजावं, कारण टीएलएसच्या पहिल्या रेकॉर्डची सुरुवात २२, ३ आणि बहुधा १ या बाइटनी होते.

काफ्काने इथे काय केलं ते नीट बघा. आकडा वाचला, मर्यादेशी ताडला आणि मेमरी मागण्याआधीच कनेक्शन बंद केलं. ही तपासणी नसती, तर एक जीबीहून मोठा बफर राखून सर्व्हर कधीच न येणाऱ्या बाइटची वाट बघत बसला असता.

स्वतःचा बायनरी प्रोटोकॉल, म्हणजे दोन प्रोग्रॅमनी कच्च्या बाइटमध्ये बोलण्याचे नियम, लिहिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं दोन भागांचं आहे. नेटवर्कवरून आलेली लांबी हा समोरच्याचा दावा असतो, तो तपासल्याशिवाय त्यावर एक बाइटही खर्च करू नये. आणि एका तुकड्याची मर्यादा वेगळी, पूर्ण संदेशाची वेगळी. दोन्ही लागतात, एक असली म्हणून दुसरीचं काम भागत नाही. जीआरपीसी किंवा वेबसॉकेट या तयार प्रोटोकॉलने काम होत असेल तर तेच वापरा, पण त्यांच्या मर्यादा का आदळतात हे कळायलाही पुढचं सगळं उपयोगी पडेल.

उदाहरणासाठी एक उपकरण घेऊ. ते दूर कुठेतरी बसवलेलं आहे आणि मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरशी बोलतं. दर काही सेकंदांनी वीस-तीस बाइटची नोंद पाठवतं, मधूनच ३० लाख बाइटचा फोटो पाठवतं, आणि दोन्ही बाजू एकमेकींना ‘थांब’, ‘आहेस का’ अशा छोट्या आज्ञा देतात.

## पायरी १: टीसीपीला संदेश कळत नाहीत हे आधी पक्कं करा

टीसीपी (बाइट क्रमाने पोचवणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल) बाइटचा अखंड प्रवाह देतो. तुम्ही एका सेंडमध्ये १००० बाइट पाठवलेत म्हणून पलीकडच्या एका रिसीव्हमध्ये १००० येतील असं काही ठरलेलं नाही. कधी ६०० येतील आणि मागून ४००. कधी तुमचे तीन संदेश एकत्र चिकटून येतील. कधी हेडरचा (मजकुराआधीच्या माहितीचा) एकच बाइट येईल आणि बाकीचे पुढच्या खेपेला. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची कमाल १५०० बाइट. त्यातून आयपीव्ही४चे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की डेटाला १४६० उरतात. त्यामुळे मोठा संदेश वाटेत तुटणारच, आणि कुठे तुटेल ते तुमच्या हातात नाही.

आपल्याच मशीनवर चाचणी घेताना हे जाणवत नाही. लूपबॅकवर पॅकेटची मर्यादा बरीच मोठी असते आणि विलंब जवळपास शून्य, म्हणून प्रत्येक रिसीव्हला नेमका एक संदेश हाती लागतो आणि चुकीचा कोडसुद्धा बरोबर वाटतो. ग्राहकाकडे गेल्यावर तोच कोड मोडतो.

उपाय सरळ आहे: ‘इतके बाइट पूर्ण मिळेपर्यंत वाच’ असं एकच फंक्शन ठेवा आणि सगळं वाचन त्यातूनच करा. गो भाषेत आयओ पॅकेजमधलं रीडफुल, जावात डेटाइनपुटस्ट्रीमचं रीडफुली, पायथनच्या असिंकआयओत रीडएक्झॅक्टली ही याचसाठी आहेत. सीमध्ये ते लूप लावून स्वतः लिहावं लागतं. रीडने शून्य परत दिलं तर समोरच्याने पाठवणं संपवलंय. ते फ्रेमच्या (हेडर आणि त्यामागचा मजकूर मिळून होणाऱ्या तुकड्याच्या) मध्येच झालं तर चूक, फ्रेमच्या सीमेवर झालं तर नेहमीचा निरोप. हा फरक लॉगमध्ये स्पष्ट दिसू द्या.

## पायरी २: हेडर आखा, आणि लांबीची जागा मुद्दाम लहान ठेवा

आपल्या उपकरणासाठी मी आठ बाइटचा हेडर घेईन. पहिला बाइट फ्रेमच्या प्रकाराचा, दुसरा खुणांचा, पुढचे चार संदेश क्रमांकाचे आणि शेवटचे दोन लांबीचे.

लांबीला दोनच बाइट का? सवयीने लोक चार देतात. चार बाइटमध्ये समोरचा ४२९ कोटींचा दावा करू शकतो; दोन बाइटमध्ये फार तर ६५५३५. म्हणजे तपासणी लिहायची राहून गेली तरी नुकसान ६४ केबीवर थांबतं. टीएलएसच्या रेकॉर्डमध्येही लांबीला दोनच बाइट आहेत आणि आतल्या मूळ मजकुराची कमाल १६३८४ बाइट ठरवलेली आहे. एचटीटीपी/२ने तीन बाइट ठेवले, पण समोरच्याने जास्त मोठ्या फ्रेम चालतील असं कळवेपर्यंत तिथेही मर्यादा १६३८४चीच. वेबसॉकेटमध्ये लांबी चढत्या क्रमाने मोठी होते: १२५ पर्यंत एकाच बाइटमध्ये, १२६ लिहिलं तर पुढचे दोन बाइट लांबीचे, १२७ लिहिलं तर पुढचे आठ. ही रचना जागा वाचवते, पण आठ बाइटची लांबी वाचणाऱ्या कोडला मर्यादा स्वतः लावावी लागते. तीस लाखांचा फोटो दोन बाइटच्या लांबीत बसत नाही, हे खरं. तो तुकड्यांतूनच जाणार आहे, त्यामुळे बसायची गरजही नाही.

हेडरबद्दल तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दोन टीम दोन अर्थ काढतात.

पहिली, बाइटचा क्रम. मोठा भाग आधी ठेवायचा, हा नेटवर्कवरचा जुना रिवाज. मायएसक्यूएल डेटाबेससारखे काही प्रोटोकॉल मात्र छोटा भाग आधी ठेवतात. १००० ही लांबी मोठा भाग आधी ठेवून लिहिली तर बाइट ३ आणि २३२. वाचणाऱ्याने उलटं वाचलं तर त्याला ५९३९५ दिसतात, आणि मर्यादा तपासलेली नसेल तर तो उरलेल्या ५८ हजार बाइटसाठी गप्प थांबून राहतो. चूक नाही, क्रॅश नाही, नुसतं अडकलेलं कनेक्शन. १६३८४ची मर्यादा तपासली असेल तर हाच घोळ पहिल्याच फ्रेमला उघडा पडतो. जावात आणखी एक खोच आहे: तिथला बाइट चिन्हासकट असतो, २३२ हा −२४ म्हणून हाती येतो, आणि चिन्ह काढणारा मास्क न लावता बेरीज केली तर १०००च्या जागी ७४४ मिळतात.

दुसरी, लांबीत काय काय धरलंय. पोस्टग्रेस डेटाबेसच्या संदेशात प्रकाराचा एक बाइट आणि मग चार बाइटची लांबी असते. ती लांबी स्वतःचे चार बाइट धरते, प्रकाराचा बाइट धरत नाही. म्हणजे आत दहा बाइटचा मजकूर असेल तर लांबी १४ आणि तारेवर जातात १५ बाइट. आपल्याकडे लांबी म्हणजे फक्त हेडरनंतरचा मजकूर. इतकं सोपं ठेवलं की शून्य लांबीसुद्धा वैध ठरते आणि वजाबाकीत आकडा उणे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी, अनोळखी प्रकाराची फ्रेम आली तर काय करायचं. लांबी माहीत असल्यामुळे ती ओलांडून पुढे जाता येतं, आणि पुढच्या आवृत्तीत नवे प्रकार आणायचे असतील तर तेच करावं.

## पायरी ३: आधी तपासा, मग मेमरी मागा

क्रम महत्त्वाचा आहे:

```
हेडर   = पूर्ण_वाच(८)
लांबी  = हेडर[६] × २५६ + हेडर[७]

जर लांबी > १६३८४
    चुकीची फ्रेम पाठव, कनेक्शन बंद कर

तुकडा = पूर्ण_वाच(लांबी)
```

मर्यादेपेक्षा मोठी फ्रेम आल्यावर ती ‘ओलांडून’ पुढे जाण्याचा मोह होतो. माझं मत याविरुद्ध आहे. इतकी मोठी लांबी आली म्हणजे एकतर समोरचा नियम पाळत नाही, नाहीतर दोघांची फ्रेमची सीमाच चुकलेली आहे. सीमा एकदा चुकली की पुढचा प्रत्येक हेडर म्हणजे फोटोतले कुठलेही आठ बाइट. कनेक्शन बंद करून नव्याने जोडणं हेच शहाणपणाचं. बंद करण्यापूर्वी कारण सांगणारी छोटी फ्रेम पाठवा आणि लॉगमध्ये आलेला आकडा, मर्यादा, पत्ता आणि पहिले आठ बाइट नोंदवा. वर काफ्काच्या आकड्याचा उलगडा झाला तो त्यातले बाइट मोजता आले म्हणून.

दाव्याची पडताळणी केली नाही तर काय होतं, याचा धडा २०१४ साली सगळ्या जगाने घेतला. टीएलएसच्या हार्टबीट सोयीत एक बाजू काही मजकूर आणि त्याची दोन बाइटची लांबी पाठवते, दुसरी बाजू तोच मजकूर परत करते. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या आलेल्या रेकॉर्डचा खरा आकार न बघता सांगितलेल्या लांबीइतके बाइट मेमरीतून उचलून परत पाठवत होत्या. एखादा बाइट पाठवायचा आणि लांबी सांगायची जवळपास ६४ हजार. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, पण उत्तरात सर्व्हरच्या मेमरीतला खराखुरा मजकूर यायचा, त्यात पासवर्ड आणि खासगी किल्ल्यासुद्धा सापडल्या. हाच हार्टब्लीड. १.०.१जी आवृत्तीतली दुरुस्ती मूलतः एका तुलनेची होती: सांगितलेली लांबी आलेल्या रेकॉर्डमध्ये मावते का?

यातून आपल्या प्रोटोकॉलसाठी निघणारा नियम असा की, फ्रेमच्या आत आणखी लांब्या असतील, उदाहरणार्थ फोटोच्या नावाची लांबी, तर प्रत्येक आतली लांबी बाहेरच्या फ्रेममध्ये उरलेल्या बाइटशी ताडायची. एकदाही सूट नाही.

## पायरी ४: शेवटचा तुकडा कसा ओळखायचा ते ठरवा

तुकडे पाडणं सोपं आहे. शेवट ओळखण्यात खरी गफलत होते. दोन जुन्या पद्धती आहेत आणि दोन्ही आजही भेटतात.

एक म्हणजे ‘लहान तुकडा आला की संपलं’. टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक ठोकळा ५१२ बाइटचा असतो आणि ५१२पेक्षा लहान ठोकळा आला की फाइल संपली. मग फाइल नेमकी १०२४ बाइटची असेल तर? दोन भरलेल्या ठोकळ्यांनंतर शून्य बाइटचा तिसरा पाठवावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये हाच नियम मोठ्या आकड्यांवर आहे. तिथे एका पॅकेटमध्ये १६७७७२१५ बाइटपर्यंत मजकूर मावतो, आणि नेमका तेवढाच भरला तर ‘अजून आहे’ असा अर्थ होतो. मजकूर तिथेच संपत असेल तर मागून रिकामं पॅकेट जोडायचं. हा रिकामा तुकडा पाठवायला विसरलेला किंवा वाचायला विसरलेला कोड वर्षानुवर्षं सुखाने चालतो आणि एके दिवशी नेमक्या पटीचा डेटा आला की अडकतो.

टीएफटीपीचा आणखी एक गुण घेण्यासारखा नाही. ठोकळ्याचा क्रमांक दोन बाइटचा आहे. ६५५३५ गुणिले ५१२ केले की ३३५५३९२० बाइट होतात, म्हणजे मूळ नियमांनुसार फाइल सुमारे ३२ एमबीवर संपते. ठोकळा मोठा करण्याची सोय १९९५ साली मानकात आली. क्रमांकाच्या जागेतून अशी छुपी मर्यादा तयार होते, ती आधीच गुणून बघा.

दुसरी पद्धत खुणेची, आणि मी तीच घेतो. वेबसॉकेटमध्ये प्रत्येक फ्रेमवर ‘ही शेवटची’ सांगणारा एक बिट असतो. एचटीटीपी/२मध्येही शेवटाची खूण आहे. आपल्या खुणांच्या बाइटमधला एक बिट यासाठी ठेवा. शेवटचा तुकडा भरलेला असो, अर्धा असो की रिकामा, खूण असली की संपलं. सोबत एक नियम जोडा: शेवटची खूण नसलेली रिकामी फ्रेम चालणार नाही. तो नियम का, ते पायरी ६ मध्ये दिसेल.

फोटोसाठी सुरुवातीची एक फ्रेम ठेवा आणि तिच्यात एकूण आकार आठ बाइटमध्ये सांगा. सर्व्हरला ‘एवढा मोठा घेणार नाही’ असा नकार पहिल्याच फ्रेमला देता येतो आणि उपकरणाचा मोबाइल डेटा वाचतो. पण हाही दावाच. येणारे बाइट स्वतः मोजा आणि शेवटी दोन्ही आकडे जुळतात का बघा. सोबत पूर्ण फोटोचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जोडला तर उत्तम, कारण टीसीपीची स्वतःची बेरीज-तपासणी फक्त १६ बिटांची असते.

## पायरी ५: तुकड्याचा आकार निवडा

इथे गणित करून बघितल्याशिवाय आकडा ठरवू नका. १६३८४ बाइटच्या तुकड्यावर आठ बाइटचा हेडर म्हणजे ०.०५ टक्के जादा भार. तीस लाख बाइटच्या फोटोचे १८४ तुकडे होतात: १८३ भरलेले आणि शेवटचा १७२८ बाइटचा. सगळे हेडर मिळून १४७२ बाइट. नगण्य. तुकडा आणखी मोठा करून या बाजूने वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

मोठ्या तुकड्याचं नुकसान मात्र ठळक आहे. उपकरणाचा अपलोडचा वेग सेकंदाला २० लाख बिट धरा. १६३८४ बाइटचा तुकडा जायला सुमारे ६५ मिलिसेकंद लागतात. एक एमबीचा तुकडा केला तर ४.२ सेकंद. तेवढ्या वेळात त्याच कनेक्शनवर ‘आहेस का’ला द्यायचं उत्तर पुढे सरकू शकत नाही, लांबलचक मालगाडी फाटकातून जाईपर्यंत रुग्णवाहिकाही थांबते, तसं. सर्व्हर तीन सेकंदांत उत्तर नाही म्हणून उपकरण मेलं समजतो, कनेक्शन तोडतो, उपकरण पुन्हा जोडून फोटो पहिल्यापासून पाठवायला घेतं आणि हे चक्र चालूच राहतं.

म्हणून पाठवणाऱ्या बाजूला दोन रांगा ठेवा, एक आज्ञांची आणि एक डेटाची. प्रत्येक तुकडा लिहून झाला की आधी आज्ञांच्या रांगेत डोकवायचं. वेबसॉकेटने हीच शिस्त नियमातच घातली आहे: पिंग-पाँगसारख्या नियंत्रण फ्रेम १२५ बाइटहून मोठ्या असू शकत नाहीत, त्यांचे तुकडे पाडता येत नाहीत, पण दुसऱ्या संदेशाच्या तुकड्यांमध्ये त्या घुसू शकतात. आपणही आज्ञेची फ्रेम एकाच तुकड्यात आणि १२५ बाइटच्या आतच ठेवावी. लक्षात घ्या, कर्नलचा पाठवण्याचा बफर मोठा असेल तर तुमच्या रांगेतून पुढे काढलेली आज्ञाही त्या बफरमधल्या डेटामागेच उभी राहते, त्यामुळे संथ जोडणीवर तो बफर आवरता घ्यावा लागतो.

१६३८४ या आकड्याचा आणखी एक फायदा म्हणजे टीएलएसच्या रेकॉर्डची कमाल तेवढीच आहे. पूर्ण रेकॉर्ड हाती येऊन त्याची सत्यता तपासल्याशिवाय त्यातला एकही बाइट वर देता येत नाही. बारकाईने बघणाऱ्यांसाठी: आपली फ्रेम हेडर धरून नेमकी एका रेकॉर्डमध्ये बसवायची असेल तर मजकूर १६३७६पर्यंत ठेवा. बिटटॉरेंटमध्येही एका वेळी मागायचा तुकडा रिवाजाने १६३८४ बाइटचाच असतो.

हेडर आणि मजकूर दोन वेगळ्या सेंडने पाठवू नका. नेगल अल्गोरिदम (छोटे तुकडे थोडे थांबवून एकत्र पाठवणारी टीसीपीची युक्ती) आणि पलीकडची उशिरा पोच देण्याची सवय एकत्र आली की छोट्या संदेशाला विनाकारण चाळीसेक मिलिसेकंदांचा उशीर लागतो. दोन्ही एका बफरमध्ये ठेवून एकदम लिहा, किंवा अनेक बफर एकदम लिहिणारं राइटव्ही वापरा.

## पायरी ६: पूर्ण संदेशालाही कुंपण घाला

तुकड्यावर मर्यादा आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ मधला प्रकार वाचण्याजोगा आहे. एचटीटीपी/२मध्ये विनंतीचे हेडर एका फ्रेममध्ये मावले नाहीत तर ते पुढच्या ‘कंटिन्युएशन’ फ्रेममधून येत राहतात, आणि शेवटची खूण आली की संपतात. प्रत्येक फ्रेमला कमाल आकार आहे. पण अशा फ्रेम किती याव्यात, यावर मानकात बंधन नाही. हल्लेखोराने खूण कधीच न लावता फ्रेम पाठवत राहायचं. कुठला सर्व्हर त्या साठवून मेमरी संपवतो, कुठला त्या उलगडण्यात प्रोसेसर झिजवतो. गो भाषेची मानक लायब्ररी आणि अपाचीचा एचटीटीपी सर्व्हर यांच्यासह बऱ्याच ठिकाणी त्यावर दुरुस्त्या कराव्या लागल्या. विनंती अपुरीच राहत असल्याने अनेकदा ती लॉगमध्येही उमटत नसे.

जोडणी करणारा भाग असा लिहा:

```
जर लांबी शून्य आणि शेवटची_खूण नाही → नकार
जर लांबी > संदेश_मर्यादा − आतापर्यंत → नकार
आतापर्यंत = आतापर्यंत + लांबी
तात्पुरत्या_फाइलमध्ये_लिही(तुकडा)
जर शेवटची_खूण → जुळणी तपास, संदेश पूर्ण
```

दुसऱ्या ओळीतली वजाबाकी मुद्दाम आहे. बेरीज करून तुलना केली तर ३२ बिटांच्या आकड्यात बेरीज गुंडाळली जाऊन छोटी दिसू शकते. ४२९४९६७२९५ मध्ये ८ मिळवले की ७ येतात. पहिली ओळ नसेल तर समोरचा रिकाम्या फ्रेम पाठवून बेरीज न वाढवता तुम्हाला अनंतकाळ गुंतवून ठेवू शकतो. एक-एक बाइटचे तुकडे पाठवूनही तेच साधता येतं, म्हणून संदेशाला वेळेची मर्यादाही लावा: ठरावीक सेकंदांत किमान इतके बाइट आलेच पाहिजेत.

मग एका कनेक्शनवर एकाच वेळी किती अपुरे संदेश चालतील, हे ठरवा. संदेश क्रमांक चार बाइटचा आहे म्हणजे कुणी लाखो संदेश अर्धवट उघडून ठेवू शकतो. आपल्या उपकरणाला दोन पुरेत.

आता सगळ्याचा गुणाकार करा. दहा हजार कनेक्शन, प्रत्येकी पाच एमबीचा एक अपुरा फोटो मेमरीत: पन्नास जीबी. तेच तुकडे येतील तसे डिस्कवर लिहिले आणि प्रत्येक कनेक्शनला १६३८४ बाइटचा एकच बफर दिला तर सुमारे १६४ एमबी. तुकडे पाडण्याचा खरा लाभ इथे आहे. तुकडे पाडून पाठवायचे आणि पलीकडे पूर्ण संदेश मेमरीत जोडून मगच हात लावायचा, असं केलंत तर मेहनत बरीचशी वाया गेली.

मजकूर दाबून पाठवत असाल तर मर्यादा उलगडलेल्या बाइटवरही लावा. दाबलेले काही केबी उलगडल्यावर कित्येक एमबी होऊ शकतात, आणि तेही एकाच वैध तुकड्यातून.

## पायरी ७: वेग आवरणं आणि तुटलेलं पुन्हा जोडणं

प्रत्येक तुकड्यानंतर पोचपावतीची वाट बघायची, हा टीएफटीपीचा मूळ मार्ग. पुण्यातलं उपकरण आणि अमेरिकेतला सर्व्हर यांच्यात एका फेरीला २०० मिलिसेकंद धरले, तर १८४ तुकड्यांना फक्त वाट बघण्यात ३७ सेकंद जातात. एका वेळी १६ तुकडे पावतीविना सोडायला परवानगी दिली तर फेऱ्या बारा, वेळ अडीच सेकंदांच्या आत, अर्थात जोडणीला तेवढा वेग असेल तर. एचटीटीपी/२ची सुरुवातीची विंडो, म्हणजे समोरच्याच्या परवानगीविना सोडता येणारा डेटा, ६५५३५ बाइटची आहे. २०० मिलिसेकंदांच्या फेरीवर ती न वाढवता एका प्रवाहाचा वेग सेकंदाला सुमारे २६ लाख बिटांवर अडतो. जोडणी कितीही जलद असली तरी.

पावतीत ‘इथपर्यंतचे बाइट डिस्कवर पोचले’ असा आकडा द्या. कनेक्शन तुटून परत जोडलं की उपकरण तोच आकडा विचारतं आणि तिथून पुढे पाठवतं. मोबाइल नेटवर्कवर ही सोय चैनीची नाही. ती नसेल तर कमकुवत सिग्नलच्या जागी मोठा फोटो कधीच पूर्ण पोचत नाही.

## यूडीपी असेल तर

यूडीपी (सुटी पॅकेट पाठवणारा, पोचण्याची हमी न देणारा प्रोटोकॉल) संदेशाची सीमा राखतो, पण मर्यादा जास्त कडक. आयपीव्ही४वर सैद्धांतिक कमाल ६५५०७ बाइट. मात्र पॅकेटच्या मर्यादेपलीकडे गेलात की आयपी त्याचे खंड पाडतो, आणि एक खंड हरवला की पूर्ण संदेश गेला. काही फायरवॉल असे खंड आत येऊच देत नाहीत. डीएनएसने (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेने) १९८७च्या मानकात ५१२ची मर्यादा ठेवली होती. पुढे मोठे आकार आले, आणि २०२० साली डीएनएस चालवणाऱ्यांनी मिळून १२३२वर यायची शिफारस केली. आयपीव्ही६च्या पॅकेटची किमान हमी १२८० बाइट, त्यातून आयपीव्ही६चे ४० आणि यूडीपीचे ८ वजा. आपलाही आकडा हाच ठेवावा. त्याहून मोठं काही पाठवायचं असेल तर क्रमांक, पुनर्पाठवणी, पावती सगळं स्वतः लिहावं लागतं. त्यापेक्षा यूडीपीवर हे सगळं आधीच करून देणारा क्विक प्रोटोकॉल घ्या.

## पायरी ८: मर्यादा सांगा, आणि वाटेतल्या सगळ्यांच्या बघा

जोडणी झाल्याबरोबर दोन्ही बाजूंनी आपापल्या मर्यादा एका फ्रेममध्ये कळवाव्यात. एचटीटीपी/२ सेटिंग्ज फ्रेममधून हेच करतं, उपकरणांसाठीच्या एमक्यूटीटी प्रोटोकॉलच्या पाचव्या आवृत्तीत कमाल पॅकेटचा आकार जोडणीच्या वेळीच सांगता येतो. उद्या तुकडा मोठा करायचा ठरला तर जुनी उपकरणं मोडत नाहीत.

जीआरपीसीत ४१९४३०४ बाइटपेक्षा मोठा संदेश आल्याची चूक दिसली की बहुतेक जण आकडा वाढवून मोकळे होतात. एका कडेला वाढवलं की दुसऱ्या कडेला अडतं. मायएसक्यूएलमध्येही कमाल पॅकेटची मर्यादा सर्व्हरची वेगळी आणि क्लायंटची वेगळी असते, मधल्या प्रॉक्सीची आणखी तिसरी. संदेश आज चार एमबीचा झाला असेल तर वर्षाने दहाचा होईल. जीआरपीसीत स्ट्रीमिंगची सोय आहे, तुकडे तिच्यातून सोडा आणि मर्यादा आहे तिथेच राहू द्या. आकडा वाढवणं एकाच वेळी योग्य ठरतं: जेव्हा संदेशाची कमाल कामाच्या स्वरूपामुळेच ठरलेली असते आणि ती जुन्या मर्यादेच्या किंचितच पलीकडे असते.

## पायरी ९: चाचण्या

सगळ्यात आधी असा खोटा सॉकेट लिहा जो प्रत्येक वाचनाला एकच बाइट देतो. तुमच्या सगळ्या चाचण्या त्यावरून पुन्हा चालवा. वाचनातल्या निम्म्या चुका इथेच सापडतात. मग उलट करा, पाच फ्रेम एकत्र चिकटवून एकदम द्या.

आकारांमध्ये ०, १, १६३८३, १६३८४, १६३८५, ३२७६८ आणि ३२७६९ हे असायलाच हवेत. १६३८५चा संदेश दोन तुकड्यांत जावा; पण हेडरमध्ये १६३८५ लांबी लिहिलेली एक फ्रेम हाताने बनवून पाठवली तर नाकारली जावी. दोन्ही वेगवेगळ्या चाचण्या आहेत. ३२७६८ मध्ये शेवटची खूण दुसऱ्या भरलेल्या तुकड्यावर आहे ना, आणि मागून फालतू रिकामी फ्रेम जात नाही ना, ते बाइट मोजून बघा.

वाईट पाहुण्यांच्याही चाचण्या हव्यात: पोर्टवर एचटीटीपी विनंती पाठवणारा, हेडरचे पाच बाइट देऊन गप्प बसणारा, शेवटची खूण कधीच न लावणारा, सुरुवातीला दहा एमबी सांगून अकरा पाठवणारा. प्रत्येक वेळी सर्व्हरची मेमरी किती वाढली ते नोंदवा. नुसतं ‘क्रॅश झाला नाही’ हे उत्तर पुरत नाही.

शेवटची चाचणी: फोटो अर्ध्यावर असताना नेटवर्क केबल ओढा किंवा फायरवॉलने पॅकेट गिळायला लावा, म्हणजे कनेक्शन बंद झाल्याची वर्दीही सर्व्हरला मिळणार नाही. ठरलेल्या वेळेनंतर कनेक्शन मोकळं झालं का, अपुऱ्या संदेशाचा हिशोब पुसला गेला का, पुन्हा जोडल्यावर उपकरणाला योग्य आकडा मिळाला का, आणि उपकरण परत आलंच नाही तर डिस्कवरची ती तात्पुरती फाइल ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप निघून गेली का, हे तपासून मगच आवृत्ती बाहेर सोडा.